इरा नागपूरला होती

सोमवार, ९ जून

गुपित पोटात ठेवणं मला जन्मात जमलं नाही, म्हणून ही वही काढली. इथे बडबडून घेतलं की बाहेर तोंड बंद राहील, असा आपला अंदाज.

सकाळी इराचा फोन आला. "आई, तू बसली आहेस का?" म्हणाली. मी उभीच होते, हाताला डोशाचं पीठ. लष्कर सोडून तिला किती वर्षं झाली, तरी तिचा फोन अवेळी आला की मी अजून आधी वाईट बातमीच धरते.

"आई, मी उभी राहते आहे. लीडरशिपला. जिंकली तर प्राइम मिनिस्टर. उद्या अनाउन्स करणार, तोपर्यंत कुणाला नाही सांगायचा. नंदामावशीला तर अजिबात नाही." तिचं मराठी असंच, इथे वाढलेलं.

नंदा म्हणजे आमच्या कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळाची अध्यक्ष आणि माझी जुनी मैत्रीण. तिला सांगायचं म्हणजे बर्मिंगहॅमपर्यंत दवंडी.

इथे ब्रिटनच्या पंतप्रधानांनी गेल्या आठवड्यात राजीनामा दिला, तेव्हा इच्छुकांमध्ये टीव्हीवाल्यांनी इराचाही फोटो दाखवला होता. पण ती संरक्षणमंत्री आहे, दाखवणारच, असं मी म्हटलं. आता पक्षाचे खासदार दोघांना निवडतील, मग पक्षाचे सभासद त्या दोघांतून एकाला, आणि तो माणूस थेट पंतप्रधान.

यांना सांगितलं. हे परसात टोमॅटोला पाणी घालत होते. निवृत्त झालेला हाडांचा डॉक्टर टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधतो, तेही प्लास्टर घातल्यासारखं. बातमी ऐकून म्हणाले, "तिला झोप मिळेल का पण?" आणि पुन्हा पाणी घालायला लागले. लेक देश चालवायला निघाली आणि बापाला तिच्या झोपेची पडली आहे.

गुरुवार, १२ जून

आता बोलायला मोकळीक आहे, तर नंदाच बोलते आहे, मला संधी नाही. तिने जिंकण्याआधीच सत्काराची तारीख विचारली. म्हटलं, अगं, बाजारात तुरी. तर म्हणे हॉल आत्ता बुक केला नाही तर सप्टेंबरशिवाय मिळत नाही.

सगळे मला विचारतात, इरा लहानपणापासून अशीच होती का? कशी सांगू? आमच्या दोन्ही घराण्यांत तोवर कुणी स्काउटमध्येही गेलं नव्हतं. यांनी हाडं जोडली, मी हॉस्पिटलच्या फार्मसीत औषधं दिली, आणि मुलगी इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन निघाली सँडहर्स्टला, लष्करी अकादमीत. मग बॉम्ब निकामी करणाऱ्या तुकडीत. मी विचारलं होतं, "एवढे पूल आहेत जगात बांधायचे, तुला नेमकं फुटणारंच का हवं?" ती म्हणाली, कुणीतरी आधी जाऊन रस्ता बघावा लागतो. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, मग बाहेर पडून कौन्सिलर, खासदार, मंत्री. प्रत्येक पायरीला मी नको म्हटलं आणि प्रत्येक पायरीला पेढे वाटले.

खासदारांच्या पहिल्या फेरीत ती दुसरी आली.

रविवार, १५ जून

आज एका मोठ्या पेपरची बातमीदार घरी आली. इराच्या ऑफिसने बजावलं होतं की दारात कुणी आलं तर नम्रपणे नाही म्हणायचं. पण ती मुलगी दार उघडताच म्हणाली, "नमस्कार काकू, मी वैभवी." आता 'नमस्कार काकू' म्हणणाऱ्याला दारात उभं कसं ठेवायचं? त्यात तिची आई सांगलीची निघाली. माझं माहेर मिरज. म्हणजे घरचीच.

चहा झाला, चकल्या झाल्या. इराचे शाळेतले फोटो बघितले. गोड मुलगी आहे, जन्म इथल्या स्लाऊचा, पण 'ळ' स्वच्छ. मग तिने सहज विचारलं, "काकू, अफगाणिस्तानहून आल्यावर सहा महिने त्या ड्यूटीवर नव्हत्या ना? तेव्हा काय करत होत्या?"

मी म्हटलं, "नागपूरला होती. आत्याकडे."

कसं तोंडून आलं मलाच कळलं नाही. पण आलं ते छानच आलं. पुढचंही आपोआप सुचलं. आपली भाषा शिकायची होती, मुळं शोधायची होती, सुप्रभाआत्याकडून वडाभात शिकली. वैभवी लिहून घेत होती. हे पेपर वाचत होते. त्यांनी एकदा चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि उठून आत गेले.

आता ह्याला खोटं म्हणायचं का? मला नाही वाटत. त्या वर्षी तिला नागपूरला पाठवायचा विचार आम्ही केलाच होता. तिकिटांचे दरही बघितले होते. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काय मी एकटी मानते?

बुधवार, १८ जून

लेख आला! 'सैनिक, जी आपल्या मुळांकडे गेली' अशा अर्थाचा मथळा. इराचा फोटो फार सुंदर. मंडळाच्या ग्रुपवर फुलांचा पाऊस. नंदा म्हणाली, "मला कधी बोलली नाहीस ती नागपूरला होती ते! माझी बहीण धंतोलीत राहते, जेवायला बोलावलं असतं." मी म्हटलं, राहून गेलं.

आणि इरा शेवटच्या दोघांत पोहोचली!

तिचा फोन आला नाही. कामात असेल.

सोमवार, २३ जून

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

लेख फिरत फिरत नागपूरला पोहोचला. तिथल्यांना वाटलं, ब्रिटनची होऊ घातलेली पंतप्रधान सहा महिने आपल्या गावात राहून गेली आणि आपल्याला पत्ता नाही! मग काय, सुप्रभावन्संच्या घरी हार, पेढे, टीव्हीचे दोन कॅमेरे आणि एक नगरसेवक. ते घर सापडायला त्यांना तासभर लागला नसेल. आपली माणसं.

वन्सं ऐंशीच्या. खोटं बोलायचा त्यांना आळस. कॅमेऱ्यासमोर म्हणाल्या, "इरा? ती दहा वर्षांची असताना आली होती. कैऱ्या खाऊन पोट बिघडवून घेतलं. त्यानंतर नाही आली बा." आणि नगरसेवकाच्या हातचा पेढा खाल्ला.

मी हे आधी का नाही ओळखलं? दुसऱ्या कुठल्याही गावाचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. एखादा आश्रम सांगायचा. आश्रमात कुणी हार घेऊन जात नाही.

मंगळवार, २४ जून

इथल्या पेपरांत आलं. 'मेजर भारतात नव्हत्याच. मग कुठे होत्या?' दुसऱ्या उमेदवाराच्या बाजूचे लोक टीव्हीवर फार दुःखी चेहऱ्याने सांगत होते की प्रश्न सहा महिन्यांचा नाही, विश्वासाचा आहे. एकाने तर तुरुंग होता का असंही सुचवलं. माझ्या इराला तुरुंग!

तिचा फोन आला. "आई, तू असा का सांगितला?" एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी बोलायला लागले तर म्हणाली, "शनिवारी घरी येते."

शनिवार, २८ जून

आली. ट्रेनने आली, मागच्या गल्लीने घरात शिरली, कारण पुढच्या दारात फोटोग्राफर होते. मी भरली वांगी केली होती. भरपूर जेवली. मग वर जाऊन मागच्या खोलीत बसली.

लिहूनच टाकते. इथे कोण बघतंय.

अफगाणिस्तानातल्या हेल्मंडहून आली तेव्हा ती त्या खोलीत होती. पूर्ण हिवाळा. तिच्या तुकडीतले दोघं गेले होते, आणि त्या सकाळी त्या रस्त्याने त्यांना तिनेच पाठवलं होतं. पडदे बंद. बोलणं बंद. मी दाराबाहेर ताट ठेवायची, ती दोन घास खायची. लष्कराचे डॉक्टर यायचे, तेव्हा मी शेजारणीला सांगायची की यांचे मित्र आहेत. फार्मसीत त्याच आजाराच्या गोळ्या मी जन्मभर लोकांना काढून दिल्या, 'जेवणानंतर घ्या' असं हसून सांगितलं. घरात त्या आजाराचं नाव कधी काढलं नाही.

मी वर गेले. ती म्हणाली, "माझी टीम म्हणते, सांगून टाक की आई आता वयस्कर आहे, कन्फ्युज झाली. पीपल विल अंडरस्टँड."

मी लगेच म्हटलं, "मग सांग की! त्र्याहत्तर झाली मला. हवं तर मी दारात जाऊन दोन वेडेवाकडे प्रश्न विचारते त्या फोटोग्राफरांना, खरंच वाटेल."

तिला हसू आलं. मग गेलं. "आई, एक खोटं लपवायला दुसरं? आणि तुझ्यावर? नो. मंगळवारी डिबेट आहे. मी खरं सांगणार."

"अगं, वेडी आहेस का," मी म्हटलं, आणि तोंडून काय शब्द निघाला ते कळून जीभ चावली. पण थांबले नाही. म्हटलं, "तुला कुणी मत देणार नाही. देश चालवायला धडधाकट माणूस लागतं. एवढं वर चढलीस, शेवटच्या पायरीवर हे सांगायची काय गरज? तुला गोळी लागली असती तर मी जगाला ओरडून सांगितलं असतं. पण हे..."

तिने उठून खिडकीचा पडदा सरकवला. मग विचारलं, "तुला लाज वाटत होती माझी?"

मी 'नाही' म्हणाले. आणि खाली येऊन भांडी घासली. डिशवॉशर रिकामा होता तरी हाताने घासली.

ती निघाली तेव्हा यांनी तिला स्टेशनवर सोडलं. एरवी मी हातावर दही देते, आज दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

मंगळवार, १ जुलै

डिबेट पाहिलं. नंदा तिच्या घरी बोलावत होती, सगळं मंडळ तिथे जमलं होतं. मी डोकं दुखतंय म्हटलं.

अर्ध्या तासाने तो प्रश्न आलाच. समोरचे गृहस्थ, म्हणजे दुसरे उमेदवार, सुटात, फार सभ्य. म्हणाले, "सहा महिने तुम्ही कुठे होतात, हे मतदारांना कळायला हवं." मी यांचा हात धरला. कित्येक वर्षांत धरला नसेल.

इरा म्हणाली (इंग्रजीत, पण मी मला समजलं तसं लिहिते), "मी कॉव्हेंट्रीला आईवडिलांच्या घरी मागच्या खोलीत होते. आजारी होते. मी पाठवलेले दोन सैनिक परत आले नाहीत, आणि मला उठता येईना. उपचार घेतले. मग उठले, परत गेले, आणखी सहा वर्षं नोकरी केली. लष्कराला हे सगळं माहीत आहे. लपवलेलं काही नाही."

ते गृहस्थ म्हणाले, "पण तुमच्या मातोश्रींनी..."

"माझ्या आईने ते सहा महिने मला जेवायला घातलं, आणि बाहेर कुणाला कळू दिलं नाही. दोन्ही माझ्यासाठीच केलं. पहिल्यामुळे मी आज इथे उभी आहे. दुसऱ्याची आता गरज नाही."

मग त्यांनी फार हळुवारपणे विचारलं, एका हुकुमाने जी व्यक्ती अशी कोसळली, ती देशाचं सैन्य कसं पाठवणार? इरा म्हणाली, "पाठवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. कदाचित मी कमी वेळा पाठवेन. पाठवेन तेव्हा कुणाला पाठवते आहे ते मला ठाऊक असेल."

टाळ्या झाल्या की नाही, मला आठवत नाही. हे रडत होते. मोठ्याने, लहान मुलासारखे. म्हणाले, "मी तिला रोज विचारायचो गं, दुखतं कुठे? फ्रॅक्चर असल्यासारखं. दुसरं काही विचारायला मला येतच नव्हतं."

मला काय वाटलं? संताप. सगळ्या देशासमोर माझं खोटं, माझं घर, माझी मागची खोली. आणि त्याखाली थोडंसं हलकं वाटलं, हेही खरं. पण जास्त संताप.

शनिवार, ५ जुलै

फोन बंद ठेवला आहे. मंडळाच्या ग्रुपवर कुणी काहीच लिहीत नाही, ते जास्त वाईट. देवळात गेले नाही. भाजी आणायला हे जातात आणि कोथिंबिरीच्या नावाखाली पार्सली आणतात.

इतकी वर्षं ह्या गावात नाव कमावलं. आता मी म्हणजे 'ती खोटं बोलणारी'. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

इराने मेसेज केला, "आई, जेवलीस का?" मी अंगठा पाठवला. तिला मी कधी अंगठा पाठवत नाही.

सोमवार, १४ जुलै

जिंकली.

काठावर नाही, चांगली जिंकली. आमची इरा. मी सोफ्यावर बसून रडले आणि मग देवापुढे साखर ठेवली. उद्या राजवाड्यावर जाईल, तिथून टेन डाउनिंग स्ट्रीट. आम्हाला म्हणाली, "उद्या नको, फार गर्दी असेल, यू विल बी स्टँडिंग ऑल डे. रविवारी या, वरच्या फ्लॅटमध्ये आपण जेवू."

मी म्हटलं, "इरा, त्या दिवशी मी नाही म्हटलं ना, ते खरं नव्हतं. वाटत होती लाज."

ती म्हणाली, "आय नो, आई." मग म्हणाली, "मला पण." आणि तिला कुणीतरी बोलावलं, फोन ठेवावा लागला.

मंगळवार, १५ जुलै

सकाळपासून टीव्ही लावून बसलो होतो. नवी साडी नेसले होते, घरातल्या घरात. अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात नंदा. डिबेट झाल्यापासून आमची गाठ नव्हती. मला वाटलं, सत्काराचं बोलायला आली. चेहरा बघितला आणि आत घेतलं.

ती बसली नाही. म्हणाली, "अलका, अनिश कॅनडात नाहीये गं."

अनिश तिचा धाकटा. तीन वर्षांपूर्वी टोरांटोला बँकेत नोकरी लागली म्हणून तिने मंडळात सगळ्यांना जेवण दिलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं होतं.

"घरीच आहे. वरच्या खोलीत. आधी बोलायचा, आता ते पण नाही. फोटो येतात ना बर्फातले, ते माझा भाचा पाठवतो तिकडून." तिने पदर तोंडाला लावला. "मला कुणाला सांगायची हिंमतच झाली नाही. तुझ्या इराने सांगितलं तेव्हा सगळं मंडळ माझ्या घरी बसलं होतं. आणि तो वर होता. तू विचारशील का तिला, एकदा त्याच्याशी बोलायला?"

"नंदा, आज ती राजवाड्यावर निघाली आहे."

"हो गं. तेही खरंच. मी वेडीच आहे."

"चल," मी म्हटलं. "मी येते."

यांनी गाडीची किल्ली हातात दिली.

नंदाचं घर मी किती वर्षं बघते आहे, पण वरच्या मजल्यावर कधी गेले नव्हते. आता लक्षात आलं, तिने कधी जाऊच दिलं नव्हतं. जिना चढून दाराबाहेर जमिनीवर बसले. गुडघे ओरडले. साडीचं काय व्हायचं ते झालं.

"अनिश, मी अलकामावशी. मला काही विचारायचं नाहीये. इथे बसते जरा."

खाली टीव्ही चालू होता. गाडी आली, लोक ओरडायला लागले, बातम्यांवाल्याचा आवाज चढला. नंदा जिन्याखालून म्हणाली, "अलका, ये ना लवकर, इरा दारात उभी राहिली! बोलते आहे!"

"तू बघ," मी म्हटलं.

मग आतून आवाज आला. खूप दिवस न वापरलेला, घोगरा. "मावशी, तुम्ही जा ना खाली. तुमची मुलगी प्राइम मिनिस्टर झाली."

"तिला बघायला सगळा देश आहे रे. मी इथे बरी आहे."

दार उघडलं नाही, पण तो दाराजवळ येऊन बसला असावा, कारण पुढचा आवाज खालून आला, माझ्या कानाशी.

"ती खरंच... इराताई खरंच कुणाशीच बोलायची नाही? सहा महिने?"

मी भिंतीला पाठ टेकली. जे सख्ख्या बहिणीला कधी सांगितलं नाही, ते त्याला पहिल्यापासून सांगायला लागले, ती विमानतळावरून घरी आली त्या संध्याकाळपासून. खाली लोक टाळ्या वाजवत होते. नंदाने टीव्हीचा आवाज बंद केला.